उन्हाळ्यात मांड्या काचतात तेव्हा

मांडीच्या आतल्या बाजूला आग होतेय, पाय फाकवून चालावं लागतंय आणि आंघोळीचं पाणी लागलं की चरचरतंय, अशा अवस्थेत हे वाचत असाल तर कारणं नंतर बघू. आधी उपाय.

घामाचे कपडे लगेच काढा. ‘घरी जाऊन बघू’ म्हणत आणखी अर्धा तास त्याच पॅन्टमध्ये फिरलात तर लाल झालेली कातडी सोलवटते आणि दोन दिवसांचं दुखणं आठवड्यावर जातं. मग त्या जागेवर साधं गार किंवा किंचित कोमट पाणी दोन-तीन मिनिटं नुसतं ओता. साबण लावायचाच असेल तर सौम्य लावा, आजूबाजूला लावा, काचलेल्या भागावर चोळू नका. धुण्याचा हेतू जंतू मारणं हा नाही. घाम वाळून मागे राहिलेलं मीठ काढून टाकणं हा आहे, कारण ते मीठ तिथे राहिलं तर पुढची प्रत्येक हालचाल खरकागदासारखी घासते.

कातडी फाटून ओलसर झाली असेल तर साध्या पाण्याचीही आग होते. तिथे मिठाचं पाणी कमी झोंबतं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे. मात्र प्रमाण बरोबर हवं. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चमचा (चहाचा, सपाट भरलेला) बारीक मीठ. म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. शरीरातल्या द्रवांचा खारटपणा जवळपास एवढाच असतो, म्हणून ते जखमेला बोचत नाही. अंदाजाने मूठभर मीठ टाकलंत तर मात्र तोंडातून शब्द निघतील. औषधाच्या दुकानात सलाइनची छोटी बाटली मिळते, तीही चालेल. उघडल्यावर ती एका दिवसात संपवा.

आता कोरडं करणं, आणि इथेच सगळ्यात जास्त घाई होते. टॉवेलने पुसू नका, टिपा. मऊ जुना पंचा उत्तम. मग पंख्याखाली पाय थोडे दूर ठेवून दहा मिनिटं आडवे पडा. जांघेची घडी वरून कोरडी वाटली तरी आत दमट असते. त्या ओलीवर मलम फासलं तर ओल आत कोंडते आणि दुसऱ्या दिवशी तिथे बुरशीची सोय होते. आग फार असेल तर माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग पुन्हा टिपून वाळवा. बर्फ थेट लावू नका. दुखावलेल्या कातडीला गारठ्याचाही चटका बसतो.

त्यानंतर पांढरं पेट्रोलियम जेली म्हणजे आपलं साधं व्हॅसलीन, किंवा झिंक ऑक्साइडचं मलम, बाळांच्या लंगोटीच्या पुरळावर लावतात तेच. नुसती लाली असेल तर व्हॅसलीन पुरेसं. ओलसर, किंचित पाझरणारा भाग असेल तर झिंक बरं, कारण ते ओल थोडी शोषतं आणि वर थरही धरतं. किती लावायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ अंदाजे अर्धा ग्रॅम भरते, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. म्हणजे एका मांडीला अर्धी रेघ. लोक याच्या चौपट फासतात, मग ते सगळं पायजम्याला लागतं.

झोपताना लुंगी, सैल गाऊन किंवा नुसता पंचा. अंतर्वस्त्र घालायचंच असेल तर पायाला इलास्टिक नसलेलं. जाडजूड माणसांना किंवा कुशीवर झोपणाऱ्यांना दोन मांड्यांमध्ये जुन्या सुती साडीची घडी किंवा पातळ उशी ठेवल्याने फार आराम पडतो. आग झोप लागू देत नसेल तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायला हरकत नाही, अर्थात यकृताचा त्रास किंवा ती गोळी न चालण्याचं दुसरं कारण नसेल तर.

सोललेल्या जागेला कपडा चिकटत असेल तर औषधाच्या दुकानात पॅराफिन गॉझ मागा. ती तेलकट जाळी चिकटत नाही. तिच्यावर साधी गॉझ ठेवून सैलसर बांधा. साधी चिकटपट्टी लावू नका. मांडीच्या आत ती घामाने सुटते, गोळा होते, आणि काढताना उरलेली कातडी घेऊन येते.

एवढं केलं तर नुसती लाली दोन दिवसांत उतरते, सोललेली जागा चार ते सात दिवसांत भरते.

काय लावू नये, याची यादी मात्र घरोघरी तयार असते. डेटॉल किंवा सॅव्हलॉन पाणी न घालता लावणं हा पहिला प्रकार. त्याने जखम स्वच्छ होत नाही, भाजते. तुरटी, लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यांचं तेच. घामोळ्याच्या थंडगार पावडरीत मेन्थॉल किंवा कापूर असतो. सोललेल्या जांघेवर ती भुरभुरली की पहिलं मिनिट गार, पुढची वीस मिनिटं लंकादहन. हळद लावल्याने फार बिघडत नाही, पण भुकटीचे कण पुन्हा घासतातच आणि लाली किती उतरली ते पिवळ्या रंगाखाली दिसत नाही. कोरफड लावणार असाल तर पान कापून दहा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक पूर्ण निथळू द्या आणि फक्त आतला पारदर्शक गर घ्या. तो चीकच कित्येकांना खाज आणतो. आणि शतधौत घृत, शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, ज्यांच्या घरी होतं त्यांनी जरूर लावावं, लालीवर ते मऊ आणि शांत बसतं. फक्त त्यात पाण्याचा अंश राहतो, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवावं, वास बदलला तर टाकून द्यावं, आणि उघड्या जखमेवर घरगुती तूप लावू नये.

काचतं कशामुळे

कातडी कातडीवर किंवा कापडावर पुन्हा पुन्हा घासली की तिचा वरचा मृत पेशींचा थर झिजतो. कोरडी कातडी बऱ्यापैकी सरकते. भरपूर तेल लावलेली त्याहून छान सरकते. मधल्या अवस्थेत, म्हणजे दमट, चिकट असताना ती अडते. वरचा थर पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो आणि सहज सोलला जातो. हे जाड माणसांचंच दुखणं आहे हा गैरसमज आहे. सडपातळ धावणाऱ्यांच्या काखा आणि स्तनाग्रं सोलतात, सायकलवाल्यांच्या जांघा सोलतात.

पुण्यात याचे दोन हंगाम आहेत आणि दोन्हींचा उपाय वेगळा. मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंतची हवा कोरडी. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचा, म्हणजे हवामान खात्याचा, पारा चाळिशीकडे जातो, पण घाम दिसत नाही, कारण तो निघतानिघता वाळतो. मीठ मात्र मागे राहतं. काळ्या टी-शर्टच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटतात ते हेच. या दिवसांत पाण्याने मीठ धुऊन टाकणं हा अर्धा इलाज आहे: दुपारी ऑफिसात किंवा दुकानात बाथरूममध्ये जाऊन ओल्या रुमालाने जांघा आणि काखा पुसणं, मग कोरड्या रुमालाने टिपणं. दोन मिनिटांचं काम आहे, पण लाजेपायी कोणी करत नाही.

मेअखेरीस वळीव पडायला लागला की हवा दमटते. आता घाम वाळतच नाही. त्यातून जूनमध्ये पावसात भिजलेली पॅन्ट. या काळात नुसतं पुसून भागत नाही. कातडी आणि कापड यांच्यात काहीतरी निसरडं हवं.

पावडरीचा प्रश्न इथेच सुटतो. टाल्कम पावडर कोरड्या कातडीवर, कमी चालणं असेल तेव्हा, एप्रिलच्या हवेत चांगलं काम करते. थोडा घाम शोषते आणि कातडी सरकती ठेवते. पण तिची शोषण्याची ताकद संपली की तिचा लगदा होतो, लगद्याच्या गोळ्या होतात, आणि त्या घडीत बसून घासतात. म्हणून नियम असा: बसून काम असेल तर पावडर, चालायचं असेल तर मलम. दोन्ही एकावर एक कधीच नाही. व्हॅसलीनवर पावडर म्हणजे जांघेत कणीक मळणं.

खोबरेल तेल का टिकत नाही, तेही सांगून टाकू. ते साधारण २४ अंशाला वितळतं. डिसेंबरात डबीत घट्ट असलेलं तेल मेमध्ये पाणी झालेलं असतं. मांडीवर लावलं की अर्ध्या तासात कापडाने पिऊन टाकलेलं असतं. रात्री लावायला ठीक, सिंहगड चढायला नाही.

कपडे

सगळे ‘सुती घाला’ म्हणतात. घरात, ऑफिसात, बाजारात जाऊन यायला सुतीच बरं. पण तासाभराहून जास्त सलग चालायचं असेल तर सुती कापड हा वैरी आहे. ते घाम शोषून धरतं, जड होतं, त्याच्या शिवणी फुगतात आणि ओलं जाडं कापड मांडीवर घासत राहतं. लांब चालीसाठी आत घट्ट बसणारी, नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि थोडं स्पँडेक्स असलेली चड्डी घ्या. घेताना तीन गोष्टी बघा. मांड्या जिथे एकमेकींना लागतात त्याच्या खाली किमान चार बोटं तिची लांबी हवी. बहुतेकांना मधल्या शिवणीपासून १५ ते २० सेंटिमीटर लांबी पुरते. पायाची कड चालताना वर गुंडाळली जाता कामा नये, कारण ती गुंडाळी दोरीसारखी काचते. दुकानात घालून दहा उठाबशा काढा, लगेच कळतं. आणि शिवणी चपट्या हव्यात. आतून बोट फिरवलं आणि कंगोरा लागला तर परत ठेवा.

जीन्सच्या बैठकीत चार शिवणी एका बिंदूवर येतात आणि तिथे कापडाची गाठ बनते. त्यावर बसून दुचाकीवरून रोज हिंजवडी गाठणाऱ्याला जांघेत काचतं यात नवल नाही. उन्हाळ्याचे तीन महिने जीन्सला सुट्टी द्या. ज्या पॅन्ट्सच्या बैठकीत कापडाचा चौकोनी तुकडा जोडलेला असतो, ट्रेकिंगच्या असतात तशा, त्या घ्या.

साडी आणि परकर हा स्वतंत्र विषय आहे. साडीत मांड्या मोकळ्या राहतात, हवा लागते, आणि त्याच कारणाने थेट एकमेकींवर घासतात. परकराखाली मांडीपर्यंतची पातळ सायकलिंग शॉर्ट घातली की प्रश्न मिटतो; सुती ब्लाउजपीसच्या पोताची नको, सरकत्या कापडाची. दुसरी जागा कंबर. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच रेषेत आवळली की तिथे काळा वण पडतो, खाज येते, साल निघते. नाडीऐवजी चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टा लावून घ्या, गाठ रोज बाजू बदलून मारा, घरी असताना सैल करा. वण महिनोन्‌महिने चिघळत असेल तर घरगुती उपाय थांबवा. अशा जुनाट व्रणातून त्वचेचा कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांच्या नोंदी वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केल्या आहेत. प्रकार अगदी विरळा, पण भरून न येणारी जखम दाखवावी एवढं त्यातून नक्की कळतं.

ब्रेसियरची खालची पट्टी जिथे बसते ती जागा दुपारपर्यंत भिजते. पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत, पण ती वरखाली सरकतही नको. सैल पट्टी आवळलेलीपेक्षा जास्त सोलते. स्तनांखालच्या घडीत मऊ सुती रुमालाची पट्टी ठेवून ती दुपारी बदलणं हा जुना आणि चांगला उपाय आहे.

पुरुषांनी लांब पळताना स्तनाग्रांवर कागदी चिकटपट्टीचा, म्हणजे मायक्रोपोरचा, तुकडा लावावा. कातडी कोरडी असताना, व्हॅसलीन लावण्याआधी. दोन तास पळून आल्यावर पांढऱ्या टी-शर्टवर रक्ताचे दोन ठिपके दिसतात ते याच्याअभावी. जांघेतले केस पूर्ण भादरू नका. तीन दिवसांनी उगवणारे खुंट ब्रशसारखे टोचतात; कात्रीने किंवा ट्रिमरने अर्धा-एक सेंटिमीटर ठेवून कापा.

कपडे चांगले असूनही काचत असेल तर धुण्याकडे बघा. वाघोली, उंड्री, बाणेरच्या टोकाच्या ज्या सोसायट्या टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालतात तिथे पाणी अनेकदा जड असतं. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून माणूस आणखी पावडर टाकतो, ती कापडात राहते, आणि कपडा दोरीवरून पापडासारखा कडक होऊन येतो. घामाने भिजला की तीच पावडर कातडीवर उतरते. अंतर्वस्त्रांना निम्मी पावडर, वॉशिंग मशीनमध्ये एक जादा खळबळ, आणि वाळल्यावर घालण्याआधी कपडा हाताने चुरगळून मऊ करणं, एवढं पुरतं. व्यायामाच्या कपड्यांना सुगंधी सॉफ्टनर लावू नका. त्याचा थर बसला की ते घाम बाहेर टाकणं बंद करतात.

दुचाकी आणि खुर्ची

दुपारी उन्हात लावलेल्या स्कूटरच्या रेक्झिनच्या सीटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. सीट तापते, घाम सुटतो, रेक्झिन तो शोषत नाही. जाळीचं सीट कव्हर टाका. त्याने थोडी हवा खेळते. नाहीतर निघण्याआधी ओल्या फडक्याने सीट पुसून मिनिटभर थांबा. ऑफिसात रेक्झिनची खुर्ची असेल तर वर सुती टॉवेल घाला, आणि तासाला एकदा उठा. स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट असा बंदोबस्त करणाऱ्यांच्या हनुवटीखाली पट्टा काचतो. स्कार्फचं टोक पट्ट्याखाली सपाट येऊ द्या, गाठ तिथे नको. आणि स्कार्फ रोज धुवा, आठवड्याला नाही.

लांब चालायचं असेल तेव्हा

पर्वतीच्या १०३ पायऱ्यांच्या सकाळच्या पाच फेऱ्या असोत, आतकरवाडीतून सिंहगड असो, की वारीचा एक टप्पा, तयारी सारखीच.

नवे कपडे त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. तीच चड्डी, तीच पॅन्ट घालून आधी दोनदा तरी पाच-सहा किलोमीटर चाला, म्हणजे कुठे लागतं ते कळेल. निघण्याआधी आंघोळ, पूर्ण कोरडं होणं, मग व्हॅसलीन: जांघेच्या घडीत, मांड्यांच्या भेटीच्या जागी, काखेत, सॅकचे पट्टे खांद्याला लागतात तिथे, आणि पार्श्वभागाच्या फटीत. शेवटची जागा सगळे विसरतात आणि उतरताना आठवते. थर असा हवा की बोट फिरवलं तर सरकावं, पण पांढरं दिसू नये. सिलिकॉनचे, म्हणजे डायमेथिकोन असलेले, जेल किंवा स्टिक मिळाले तर ते व्हॅसलीनपेक्षा जास्त वेळ टिकतात आणि कपडे डागाळत नाहीत. महाग आहेत, रोजच्याला गरज नाही.

दर दोन तासांनी किंवा सात-आठ किलोमीटरला पुन्हा लावा, जुनं पुसून. न पुसता लावलं तर त्यात अडकलेलं मीठ आणि धूळ तशीच राहते. छोटी डबी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नाही. तळाशी असलेली डबी कोणी काढत नाही.

पहिली चुणचुण लागली की थांबा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी पाळलं जाणारं. चुणचुण म्हणजे वरचा थर अजून शाबूत आहे. त्या दहा मिनिटांत पुसून, वाळवून मलम लावलं तर पुढचे पंधरा किलोमीटर निभतात. आग व्हायला लागली म्हणजे थर गेला, आता नुसती हानी कमी करायची.

वारीत आळंदी ते पुणे वीसेक किलोमीटर आणि पुण्याहून दिवेघाट चढून सासवड तीसेक. एक दिवसाची वारी करणारे बहुतेक यांतला एक टप्पा धरतात, आणि सासवडचा धरणाऱ्यांचे हाल जास्त होतात. अंतर तर आहेच, पण त्या दिवसांत पावसाची सरही येते. भिजून वाळेपर्यंत चालत राहणं हाच काचण्याचा राजमार्ग. प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी चड्डी आणि पायजमा ठेवा, आणि घाट सुरू होण्याआधी बदला. धोतर नेसणाऱ्या जुन्या वारकऱ्यांचा काष्टा दोन मांड्यांमध्ये कापड आणून ठेवतो, हा त्याचा मोठा गुण. पण नवशिक्याचं धोतर सैल सुटून तिथेच दोरी बनतं. सवय नसेल तर पायजमाच बरा.

पाणी पीत राहा. कमी पाणी प्यायलं की घाम अधिक खारट होतो असं ठामपणे सांगता येणार नाही, पण तहानलेला माणूस थांबत नाही, पुसत नाही, चालत सुटतो.

घरी करायचं बाम

व्हॅसलीनचा चिकटपणा न आवडणाऱ्यांसाठी. कोकणी मालाच्या दुकानात कोकमाचं तेल घट्ट गोळ्यांच्या रूपात मिळतं, मुठेल म्हणतात. ते चाळीस अंशाच्या आसपास वितळतं, म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यातही सावलीत घट्ट राहतं आणि अंगावर घासलं की पातळ थर सोडतं.

मुठेल २० ग्रॅम, शुद्ध मधमाश्यांचं मेण २० ग्रॅम, खोबरेल तेल २० ग्रॅम. मुठेल किसून घ्या. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळत ठेवा, त्यात स्टीलची कोरडी वाटी ठेवून आधी मेण वितळवा, ते साठ-पासष्ट अंशाला विरघळतं, मग मुठेल, शेवटी तेल. वाटीत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. पाणी गेलं तर बाम लवकर खराब होतो. थेट गॅसवर वाटी ठेवू नका. गाळून, कोमट असताना, रिकाम्या आणि धुऊन वाळवलेल्या डिओडरंट स्टिकच्या नळीत ओता. दोन तास हलवू नका. फार कडक वाटलं तर पुन्हा वितळवून पाच ग्रॅम तेल वाढवा, मऊ वाटलं तर पाच ग्रॅम मेण. सुगंधी तेलं, कापूर, पुदिन्याचा अर्क घालायचा मोह टाळा. पहिल्यांदा मनगटाच्या आत लावून एक दिवस बघा. ही नळी एकट्याने वापरायची, आणि सोललेल्या कातडीवर नाही.

हे काचणं नाही

आठवड्याभरात उतरलं नाही तर बहुधा दुसरं काही आहे. काचलेली जागा दोन्ही बाजूंना समोरासमोर असते, कड अस्पष्ट असते, खाजेपेक्षा आग जास्त, आणि चाललं त्याच दिवशी सुरू होते. घामोळं बारीक टाचणीच्या टोकाएवढं, पाठीवर, मानेवर, टोचणारं. गजकर्ण, म्हणजे नायटा, याची कड उठलेली आणि गोलसर, मध्यभाग थोडा साफ, खाज असह्य, रात्री जास्त, आणि तो कडेने पसरत जातो. घडीत लालभडक, ओलं आणि आजूबाजूला सुटे पुटकुळ्यांचे ठिपके दिसत असतील तर कँडिडा नावाची बुरशी.

नायट्यावर क्लोट्रिमॅझोल एक टक्का मलम दिवसातून दोनदा, कडेपलीकडे दोन बोटं लावत, दोन ते चार आठवडे, आणि दिसेनासा झाल्यावरही आणखी आठवडाभर. चार दिवसांत खाज थांबली म्हणून मलम सोडणारे पुढच्या महिन्यात पुन्हा दुकानात उभे असतात. हल्ली आपल्याकडे औषधाला न जुमानणारा नायटा वाढला आहे, तेव्हा दोन आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञच गाठा. टॉवेल, चड्ड्या वेगळ्या. घरात आणखी कोणी खाजवत असेल तर त्यालाही सोबत न्या.

दुकानदाराने काउंटरवरून पुढे केलेलं ‘सगळ्यावर चालतं’ असं मिश्र मलम मात्र घेऊ नका. त्यावरची बारीक अक्षरं वाचा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. लाली आणि खाज दोन दिवसांत गायब होते, म्हणून ते जादू वाटतं. प्रत्यक्षात बुरशीवरचा शरीराचा पहारा उठतो, नायटा रूप बदलून पसरतो, आणि जांघेची पातळ कातडी आणखी पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेघा पडतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात.

तान्ह्या बाळाच्या मानेच्या आणि मांड्यांच्या वळ्यांत पावडर नको, ती श्वासात जाते. आंघोळीनंतर वळी उघडून टिपा, पातळ झिंक मलम लावा, आणि दिवसातून काही वेळ लंगोटीशिवाय उघडं ठेवा.

पू, दुर्गंध, ताप, गरम लागणारी आणि तासातासाला पसरणारी लाली, किंवा जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. मधुमेह असणाऱ्यांनी सोललेली जागा दोन दिवसांहून जास्त घरी सांभाळू नये. आणि मधुमेह नाही असं समजणाऱ्या ज्या माणसाला घडीत वारंवार बुरशी होते, त्याने मलमाबरोबर साखरही तपासून घ्यावी. कित्येकदा निदान तिथून होतं.

पुन्हा चालायला कधी लागायचं, तर कोरड्या बोटाने दाबून बघा. आग नाही, ओल नाही, आणि नवी कातडी नुसती गुलाबी दिसतेय, तर चालेल. पहिले तीन-चार दिवस नेहमीच्या निम्मं अंतर, आणि मलम लावूनच. भरून आलेल्या जागेचा डाग काळसर राहतो, तो महिना-दोन महिन्यांत आपोआप फिका होतो. उजळवणारी क्रीम त्यावर चोळू नका.